तांदळाच्या दाण्याएवढं पिल्लू पिशवीत जगतं कसं?

ऋतुपर्ण

बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय. आज लिहूनच टाकतो.

दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळच्या कांगारू बेटावर टामर वॉलबी राहतात. कांगारूची छोटी भावंडं म्हणा. बहुतेक माद्या जानेवारीच्या अखेरीला वितात. मादीचं वजन पाचेक किलो आणि नवजात पिल्लाचं जेमतेम ०.४ ग्रॅम, म्हणजे आईच्या वजनाचा बारा हजारावा हिस्सा. माणसाचं बाळ साधारण विसावा हिस्सा असतं, यावरून फरकाची कल्पना यावी. टास्मानियन डेव्हिल या पिशवीवाल्या मांसाहारी प्राण्याचं पिल्लू तर ०.२ ग्रॅमच्या आसपास, खरोखर तांदळाच्या दाण्याएवढं.

टामरचं पिल्लू गर्भाशयात चार आठवड्यांहूनही कमी काळ असतं. डोळे मिटलेले, कान बंद, मागचे पाय म्हणजे नुसते कोंब. पुढचे पाय, तोंड आणि श्वास एवढंच कामापुरतं तयार. तेवढ्या बळावर ते आईच्या केसांना धरून पिशवीपर्यंत चढतं आणि एक सड तोंडात धरतं. सड तोंडात फुगतो आणि पुढचे जवळजवळ १०० दिवस ते तिथून सुटत नाही.

या चढाईवर खूप लिहिलं जातं. मला मात्र त्यानंतरचं गूढ मोठं वाटतं. त्या दिवशी पिल्लाकडे रोगाशी लढायला काय असतं? लसीका ग्रंथी तयार नसतात. प्लीहा नावापुरती. अस्थिमज्जा अजून रक्त बनवत नाही, ते काम यकृत करत असतं. थायमस, म्हणजे टी पेशींना शिकवून तयार करणारी ग्रंथी, अजून घडते आहे. नव्या जंतूला ओळखून त्याच्याविरुद्ध स्वतःची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बनवणं त्याला कित्येक आठवडे जमणार नाही. माणसाच्या गर्भाची जी अवस्था आईच्या पोटात, पाण्याच्या थैलीत, बाहेरच्या जंतूंपासून लांब पार पडते, ती अवस्था हे पिल्लू उघड्यावर काढतं.

आणि ती पिशवी म्हणजे काय? उबदार, दमट, माती-केस-घाम यांनी भरलेली जागा. जंतूंना याहून सोयीचं घर मिळणार नाही.

तरीही पिल्लं जगतात, आणि कोट्यवधी वर्षं जगत आली आहेत.

याचं एक मोठं उत्तर गेल्या वीसेक वर्षांत पुढे आलंय, ते म्हणजे सूक्ष्मजीवरोधी पेप्टाइडं. ही लहान प्रथिनं असतात, बहुधा शंभरापेक्षा कमी अमिनो आम्लांची. सस्तन प्राण्यांत त्यांची दोन मोठी घराणी आहेत, कॅथेलिसिडिन आणि डिफेन्सिन. प्रतिपिंडांसारखी त्यांना आधी जंतूची ओळख लागत नाही. जंतूच्या बाहेरच्या आवरणावर ऋण विद्युतभार असतो, पेप्टाइडावर धन. दोघं चिकटतात, पेप्टाइड आवरणात घुसतं, छिद्रं पडतात आणि जंतू मरतो. आपल्या पेशींच्या बाहेरच्या थरावर तसा ऋणभार जवळजवळ नसतो, शिवाय तिथे कोलेस्टेरॉल असतं, म्हणून त्या बऱ्यापैकी वाचतात.

२०११ मध्ये टामर वॉलबीच्या जनुकसंचात कॅथेलिसिडिनची १४ जनुकं सापडल्याचं प्रसिद्ध झालं. माणसात किती? एक.

हा आकडा वाचल्यापासून मी या विषयाला चिकटलो. माझं म्हणणं असं की या पिल्लाला 'अपुरं जन्मलेलं' म्हणणं चूक आहे. त्याची प्रतिकारशक्ती एकट्याच्या शरीरात मोजायचीच नसते. आईचं दूध, पिशवीची त्वचा आणि पिल्लाच्या मोजक्या पांढऱ्या पेशी मिळून ती एक व्यवस्था आहे, आणि ती दोन शरीरांत वाटलेली आहे. जाणकारांनी भर घालावी, चुकलं असेल तिथे सांगावं.

---

साधाप्रश्न

छान लिहिलंय. पण मी लहानपणापासून ऐकत आलोय की आई पिल्लू येण्याआधी पिशवी चाटून स्वच्छ करते. मग आत जंतू राहतातच कशाला?

---

ऋतुपर्ण

चाटते हे खरंच आहे. वीण जवळ आली की मादी डोकं पिशवीत घालून बराच वेळ चाटत बसते. पण चाटून जागा निर्जंतुक होत नाही, लाळेत जंतू असतातच. टामर, क्वोक्का (आणखी एक छोटी वॉलबी), कोआला, डेव्हिल या सगळ्यांच्या पिशवीतून नमुने घेऊन जंतू वाढवून पाहिलेत, आणि ते वाढतात. गंमत पुढे आहे. त्या जंतूंची जात आणि संख्या मादीच्या अवस्थेनुसार बदलते. रिकाम्या पिशवीतली वस्ती वेगळी, पिल्लू असतानाची वेगळी. म्हणजे पिशवी काही जंतूंना राहू देते आणि काहींना हाकलते.

पिशवीच्या आत ग्रंथी असतात, त्यातून मेणचट स्राव येतो. कोआलाच्या पिशवीतल्या स्रावाने ई. कोलाय जंतूंची वाढ रोखली जाते, हे प्रयोगात दिसलंय. डेव्हिलच्या पिशवीच्या अस्तरात तर कॅथेलिसिडिनची जनुकं चालू अवस्थेत सापडली आहेत. माझ्या मते पिशवीला नुसती झोळी समजणं हीच मूळ गफलत. ती काम करणारी त्वचा आहे.

---

रेणुबंध

मी पेप्टाइडांवर प्रयोगशाळेत काम केलं आहे (शिशुधानी म्हणजे पिशवीवाल्या प्राण्यांवर नाही, बेडकांच्या पेप्टाइडांवर). धागा पाहून राहवलं नाही.

एक दुरुस्ती आधी. 'छिद्रं पडतात' हे सगळ्यांना लागू नाही. काही पेप्टाइडं आवरणात नळीसारखी रचना करतात, काही सतरंजीसारखी पसरतात आणि आवरण विरघळवल्यागत फोडतात, काही तर आवरण न फोडता आत शिरतात आणि जंतूचं प्रथिनं बनवणं बंद पाडतात. एकच पेप्टाइड कमी प्रमाणात एक आणि जास्त प्रमाणात दुसरं काम करतं, असंही होतं.

आता कॅथेलिसिडिनची घडण सांगतो, कारण ती मला फार सुंदर वाटते. हे रेणू एका लांब साखळीच्या रूपात तयार होतात. साखळीला तीन भाग. पहिला म्हणजे पत्ता, हे प्रथिन पेशीत कुठे पाठवायचं ते सांगणारा. मधला भाग मोठा, त्यात सिस्टीन नावाची चार अमिनो आम्लं ठरलेल्या जागी असतात, आणि तो वॉलबीपासून माणसापर्यंत बराचसा सारखा आहे. शेवटचा तुकडा म्हणजे खरं हत्यार, आणि तो मात्र प्रत्येक प्राण्यात इतका वेगळा की दोन शेजारी ठेवले तर नातं ओळखू येत नाही. मधला भाग जोडलेला असेपर्यंत हत्यार म्यानात राहतं. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी हे म्यानातलं हत्यार आपल्या दाण्यांमध्ये भरून फिरतात. जंतूशी गाठ पडली की दाणे रिते होतात, एक विकर (एन्झाइम) म्यान कापतं आणि पेप्टाइड मोकळं होतं. एवढं जहाल काही स्वतःच्या पेशीत साठवायचं तर म्यान लागणारच.

याच मधल्या भागामुळे संशोधकांना नव्या प्राण्यांत ही जनुकं शोधता येतात. हत्याराचा क्रम शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. म्यानाचा क्रम शोधायचा, त्याच्या शेपटाला हत्यार आपोआप सापडतं. वॉलबी, ओपॉसम (अमेरिकेतला शिशुधानी प्राणी), डेव्हिल, कोआला या सगळ्यांची यादी अशीच भरत गेली.

माणसाच्या एकुलत्या कॅथेलिसिडिनचं नाव एलएल-३७. अमिनो आम्लं ३७ आणि सुरुवातीला दोन ल्यूसिन, म्हणून.

या शास्त्राची सुरुवातही सांगण्यासारखी आहे. १९८०च्या सुमारास स्वीडनमध्ये हान्स बोमान यांच्या गटाने एका मोठ्या रेशीम-पतंगाच्या कोशातून सेक्रोपिन वेगळं केलं. कीटकांना प्रतिपिंडं नसतात, मग ते जंतूंपासून वाचतात कसे, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे १९८७ मध्ये मायकेल झॅस्लॉफ यांनी आफ्रिकन नखीबेडकाच्या त्वचेतून मॅगेनिन शोधलं. शस्त्रक्रिया केलेले बेडूक घाण पाण्याच्या टाकीत परत सोडले तरी त्यांच्या जखमा चिघळत नव्हत्या, हे त्यांच्या नजरेत भरलं होतं. ऋतुपर्ण यांचा प्रश्न त्याच वळणाचा आहे. ज्याने मरायला हवं होतं ते मरत का नाही?

---

शंकानिरसन

माहिती उत्तम, पण एक विरोधी मुद्दा मांडतो. शिशुधानी प्राणी उत्क्रांतीच्या दृष्टीने मागे राहिलेले आहेत. त्यामुळे त्यांच्याकडे जुनी, ढोबळ यंत्रणा जास्त असणं स्वाभाविकच. आपल्यासारख्या वार असलेल्या प्राण्यांनी टी पेशी आणि प्रतिपिंडांची प्रगत यंत्रणा विकसित केली, म्हणून आपल्याला एका कॅथेलिसिडिनवर भागतं. यात 'वेगळी व्यवस्था' कसली?

---

रेणुबंध

आदर ठेवून असहमत आहे. कारणं देतो.

एक, शिशुधानी प्राण्यांकडे टी पेशी, बी पेशी, प्रतिपिंडं सगळं आहे. राखाडी आखूडशेपटी ओपॉसमचा जनुकसंच २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. शिशुधानी प्राण्यांतला तो पहिला. त्यात प्रतिकारयंत्रणेची जनुकं भरभरून सापडली. उलट त्यांच्याकडे टी पेशींचा एक ग्राहक रेणू असा आहे, टीसीआर-म्यू नावाचा, जो आपल्याकडे नाही. 'प्रगत' यंत्रणा आहे, फक्त जन्माच्या वेळी ती तयार झालेली नसते.

दोन, 'जुनी' हा शब्द. कॅथेलिसिडिनचं घराणं जुनं आहे हे मान्य. पण वॉलबीतली १४ जनुकं ही काही जपून ठेवलेली जुनी अडगळ नाही. मूळ जनुकाच्या प्रती होत गेल्या, आणि प्रत्येक प्रत वेगळी होत गेली. शिशुधानी आणि वार असलेले प्राणी सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले, त्यानंतर त्यांच्या शाखेत ही वाढ झाली. म्हणजे ही नवी कमाई आहे. गाय आणि डुक्कर यांच्यातही स्वतंत्रपणे अशी वाढ झालेली आहे, आणि त्यांना कुणी मागासलेलं म्हणत नाही. उंदराकडे आपल्यासारखंच एक.

तीन, वार असलेल्या प्राण्यांनाही जन्मतः सगळं तयार मिळत नाही. उंदराचं पिल्लूही बरंच अपुरं जन्मतं.

---

ऋतुपर्ण

+१. त्यात एक भर. त्याच २०११च्या कामात संशोधकांनी वॉलबीच्या आजच्या पेप्टाइडांवरून मागे जात त्यांच्या पूर्वजाचा क्रम काय असेल याचा अंदाज बांधला. तो पूर्वज सुमारे ५.९ कोटी वर्षांपूर्वीचा. त्यांनी ते पेप्टाइड प्रयोगशाळेत बनवलं आणि जंतूंवर टाकलं. ते अजून जंतू मारत होतं. हे वाचलं तेव्हा मी वाचन थांबवून थोडा वेळ नुसता बसून होतो.

@शंकानिरसन, तुमचा प्रश्न मात्र योग्य जागी आहे. 'मागे राहिलेले' हा शब्द अनेक पाठ्यपुस्तकांतूनच आपल्यापर्यंत आलाय, त्यामुळे तो बोलून दाखवलात ते बरं झालं.

---

शंकानिरसन

टीसीआर-म्यू माहीत नव्हतं. 'मागे राहिलेले' मागे घेतो. बाकी वाचतोय.

---

गोधन

मी पशुवैद्य आहे, गाई-म्हशींचा. दुधाच्या अंगाने लिहितो.

वासराला आईच्या पोटात असताना आईची प्रतिपिंडं मिळत नाहीत, गाईच्या वारेतून ती जातच नाहीत. म्हणून वासरू जन्मल्यावर पहिल्या काही तासांत चीक पोटात जायलाच हवा. साधारण एका दिवसात आतड्याची दारं बंद होतात, मग प्रतिपिंडं अख्खी शोषली जात नाहीत. चीक चुकलेलं वासरू वाचवताना किती दमछाक होते ते आम्हाला विचारा.

आता टामरकडे पाहा. जन्माआधी थोडीफार प्रतिपिंडं पिल्लाला मिळतात, पण खरा पुरवठा दुधातून. आणि त्याच्या आतड्याची दारं जवळजवळ २०० दिवस उघडी राहतात! वासराचा एक दिवस आणि याचे साडेसहा महिने. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा आकडा चुकीचा छापलाय असं वाटलं होतं.

दुसरं म्हणजे दूध बदलत जातं. आमच्या गाईचं दूध चिकानंतर थोड्या दिवसांत स्थिरावतं. टामरचं दूध टप्प्याटप्प्याने पूर्ण पालटतं. पिल्लू सडाला चिकटलेलं असताना दूध पातळ, साखर जास्त, चरबी कमी. शेवटच्या टप्प्यात चरबी भरपूर, साखर कमी. संरक्षक प्रथिनंही एकाच वेळी सगळी नसतात. काही फक्त सुरुवातीच्या टप्प्यात, काही शेवटी. कॅथेलिसिडिनही दूधग्रंथीत ठरावीक काळी जास्त बनतं. शेवटच्या टप्प्यात पिल्लू पिशवीतून बाहेर तोंड काढतं, गवत चावतं, मातीत नाक घालतं. नवे जंतू पोटात जायला लागतात तेव्हा दुधातलं संरक्षण पुन्हा वाढतं, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. अर्थात त्यात आईच्या कासेचा स्वतःचा बचावही असणार. दूध आटत येताना कासेला दाह होण्याचा धोका सगळ्याच प्राण्यांत असतो.

तांबड्या कांगारूत तर एका सडातून नवजात पिल्लाचं दूध आणि शेजारच्या सडातून बाहेर उड्या मारणाऱ्या मोठ्या पिल्लाचं दूध एकाच वेळी येतं. रक्त एकच, संप्रेरकं तीच, आणि दोन ग्रंथी दोन वेगळी दुधं बनवतात. इतकी वर्षं कासेवर काम करून मला हे अजून पुरतं पचलेलं नाही.

---

साधाप्रश्न

@गोधन, मग दुधाचा टप्पा कोण ठरवतं? पिल्लू की आई?

---

गोधन

आई. हे तपासलेलं आहे. लहान पिल्लू उचलून, ज्या मादीचं दूध पुढच्या टप्प्यात गेलंय तिच्या सडाला लावलं. तिचं दूध मागच्या टप्प्यावर आलं नाही, ते आपल्या वेळापत्रकाने पुढेच गेलं, आणि पिल्लू नेहमीपेक्षा भराभर वाढलं. पिल्लू ओढतं म्हणून दूध येत राहतं, पण दुधात काय असेल ते आईची ग्रंथी ठरवते.

---

निशिगंधा_न

मी नवजात अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. हा धागा वाचताना आमचीच बाळं डोळ्यांसमोर येत होती.

अठ्ठावीस आठवड्यांचं बाळ हातात घेतलं की कळतं, त्वचा इतकी पातळ की खालच्या शिरा दिसतात. जंतुसंसर्ग ही आमची सगळ्यात मोठी भीती. पूर्ण दिवसांचं बाळ अंगावर पांढरा चिकट लेप घेऊन येतं. त्या लेपात एलएल-३७, डिफेन्सिन, लायसोझाइम अशी जंतूंशी लढणारी प्रथिनं असतात. फार लवकर आलेल्या बाळांच्या अंगावर तो लेप जवळजवळ नसतोच. आईच्या दुधातही एलएल-३७ आणि लॅक्टोफेरिन असतात. आईचं दूध मिळालेल्या कमी दिवसांच्या बाळांत आतडं सडण्याचा तो भयंकर आजार कमी दिसतो, हे आम्ही रोज अनुभवतो.

आणि 'कांगारू मदर केअर' हे नाव कुठून आलं ते इथे सांगायलाच हवं. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोता शहरात एदगार रे सानाब्रिया या डॉक्टरांनी उबपेट्या कमी पडत होत्या म्हणून कमी वजनाची बाळं आईच्या छातीवर, त्वचेला त्वचा लावून ठेवायला सुरुवात केली. मग एक्तोर मार्तिनेस यांनी ते पुढे नेलं. ऊब मिळावी हा हेतू होता. पण पुढच्या अभ्यासांत दिसलं की अशा बाळांत जंतुसंसर्गही कमी होतात. आता जागतिक आरोग्य संघटना ही पद्धत सुचवते.

कारणं अनेक आहेत. स्तनपान वाढतं, आणि बाळाच्या अंगावर रुग्णालयातल्या जंतूंऐवजी आईच्या त्वचेवरचे जंतू आधी वस्ती करतात. ऋतुपर्ण म्हणतात तसं, प्रतिकारशक्ती दोन शरीरांत वाटलेली असते. नवीन आलेल्या मुलींना मी हे वेगळ्या शब्दांत सांगत आले, तुमचे शब्द आता वापरीन.

---

ऋतुपर्ण

@निशिगंधा_न ताई, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. त्या पांढऱ्या लेपातही तेच पेप्टाइड असतं हे मला माहीत नव्हतं. एवढं एक वाक्य मिळालं तरी धागा काढल्याचं सार्थक झालं.

---

दूरदेशी

मी काही वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियात असताना जखमी वन्यप्राणी सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांबरोबर सहा महिने काम केलं. रस्त्यावर गाडीखाली मेलेल्या कांगारू मादीची पिशवी तपासणं हे पहिलं शिकवतात. पिल्लू सडाला चिकटलेलं असेल तर ओढायचं नाही, तोंड फाटतं. सड आईच्या अंगापासून कापायचा आणि पिल्लासकट न्यायचं. कापलेला सड पिल्लाने गिळू नये म्हणून त्याला सेफ्टी पिन लावायची.

केस न आलेल्या पिल्लांना तिथे 'पिंकी' म्हणतात. माझ्या वाट्याला एक पूर्वेकडच्या राखाडी कांगारूचं पिल्लू आलं होतं. ऊब ३२ अंशांच्या आसपास, दर दोन-तीन तासांनी दूध, बाटल्या उकळून, प्रत्येक पिल्लाची कापडी पिशवी वेगळी, दर वेळी हात धुवायचे. सगळं नीट करत होते. तरी आठवड्याभरात त्याच्या तोंडात पांढरे चट्टे आले. कँडिडा बुरशी. हाताने वाढवलेल्या पिल्लांत ती सर्रास होते. औषध दिलं, चट्टे गेले, पुन्हा आले. पंधराव्या दिवशी पिल्लू गेलं.

तेव्हा मला वाटलं होतं की माझंच कुठेतरी चुकलं. आता हा धागा वाचून लक्षात येतं की मी ऊब देत होते, दूध देत होते, पण आईच्या दुधातलं आणि पिशवीतलं संरक्षण माझ्या हातात नव्हतंच. बाटलीतल्या दुधात ते कुठून येणार?

डेव्हिलच्या पेप्टाइडांत बुरशीवर चालणारं काही आहे का, कुणी सांगू शकेल का?

---

रेणुबंध

@दूरदेशी ताई, तुमचं चुकलं नव्हतं. इतक्या लहान पिंकी वाचवणं अनुभवी लोकांनाही कठीण जातं.

आणि हो, आहे. सिडनी विद्यापीठातल्या एमा पील आणि कॅथरीन बेलोव यांच्या गटाने २०१६ मध्ये डेव्हिलच्या सहा कॅथेलिसिडिनांवर काम प्रसिद्ध केलं. त्यातलं पाचवं आणि सहावं जंतूंवर जहाल निघालं. मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणारे स्टॅफिलोकोकस जंतू आणि व्हँकोमायसिनला न जुमानणारे एंटरोकोकस यांनाही त्यांनी मारलं. तिसऱ्याचा प्रभाव बुरशीवर दिसला. सगळी सहा सारखी नाहीत, हे इथे नीट लक्षात घ्यायला हवं. काहींनी तपासलेल्या जंतूंवर फारसं काही केलं नाही. ती निरुपयोगी असतील असं नाही. कॅथेलिसिडिन पांढऱ्या पेशींना बोलावतात, दाह आवरतात, जखम भरायला मदत करतात. काचेच्या नळीतली जंतूंची चाचणी यातलं काहीच दाखवत नाही.

ही पेप्टाइडं डेव्हिलच्या दुधात, पिशवीत, पचनमार्गात, श्वसनमार्गात सगळीकडे सापडली. डेव्हिल मादी एका वेळी २० ते ३० पिल्लं जन्माला घालते आणि सड फक्त चार. जी चार पोचतात त्यांच्यावर आईची सगळी शिबंदी खर्च होते.

---

कातरवेळ

मग ही पेप्टाइडं माणसांसाठी औषध म्हणून का येत नाहीत? प्रतिजैविकं निकामी होत चालली आहेत असं रोज वाचतो. इतकं जालीम काही हाताशी असताना अडलंय कुठे?

---

रेणुबंध

खूप ठिकाणी अडलंय, आणि मी त्यातल्या काही ठिकाणी स्वतः अडलोय.

शरीरात गेल्यावर प्रथिनं कापणारी विकरं पेप्टाइडांचे तुकडे करतात. रक्तातलं मीठ आणि इतर प्रथिनं त्यांची धार बोथट करतात. नळीत जंतू मारणारं पेप्टाइड रक्तात टाकलं की गप्प बसतं, हे मी कितीदा पाहिलंय. प्रमाण वाढवलं तर आपल्या पेशीही फुटायला लागतात. डेव्हिलच्या पाचव्या-सहाव्याने माणसाच्या पेशींना इजा केली, पण जंतू मारायला लागणाऱ्या प्रमाणाच्या ३२ पटींहून जास्त प्रमाणात. ही फट आशादायक आहे, तरी नळीतली फट आणि रुग्णातली फट एक नसते. शिवाय लांब पेप्टाइड बनवणं महाग.

मॅगेनिनवरून बनवलेलं पेक्सिगानान मधुमेहींच्या पायाच्या जखमांसाठी बरंच पुढे गेलं होतं. १९९९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला परवानगी नाकारली, कारण आधीच्या औषधांपेक्षा ते सरस ठरलं नाही. तो निकाल आमच्या क्षेत्राला फार लागला.

जंतू पेप्टाइडांनाही दाद देईनासे होऊ शकतात. आवरणाचा ऋणभार कमी करणं, पेप्टाइड कापणारी विकरं सोडणं, अशा युक्त्या त्यांच्याकडे आहेत. मग वॉलबीच्या पिशवीत हे का होत नाही? मला वाटतं कारण तिथे एकच पेप्टाइड नसतं. दहा-बारा कॅथेलिसिडिन, डिफेन्सिन, लायसोझाइम, प्रतिपिंडं, सगळे एकदम आणि बदलत्या प्रमाणात. जंतूने एकाला चुकवलं तर दुसरं उभं. आपण त्यातलं एक वेगळं काढून कुपीत भरतो, तेव्हा ही रचनाच मोडते.

---

कातरवेळ

समजलं. मग निदान त्या प्राण्यांच्याच उपचारात तरी उपयोग होईल का? कोआलांच्या क्लॅमिडियाबद्दल वाचलं होतं.

---

ऋतुपर्ण

यावर २०२१ मध्ये काम प्रसिद्ध झालंय. कोआलाचं पाचवं कॅथेलिसिडिन बऱ्याच जंतूंवर चालतं, आणि क्लॅमिडिया पेकोरम या कोआलांना आंधळं आणि वांझ करणाऱ्या जंतूवरही. या जंतूचं पेशीबाहेरचं, संसर्ग पसरवणारं जे रूप असतं, त्यावर पेप्टाइड आधी टाकलं तर त्याची पेशींना बाधण्याची ताकद बरीच घटते. हे प्रयोगशाळेतलं आहे, जनावरांतलं नाही.

पण त्याचं महत्त्व कोआलाच्या पोटात दडलंय. कोआला निलगिरीची पानं खातो. ती टॅनिन आणि इतर विषारी द्रव्यांनी भरलेली. ती पचवायला त्याच्या आतड्यातले जंतू हवेत. पिल्लू सहाएक महिन्यांचं झालं की आई त्याला एक मऊ, पातळ विष्ठा खाऊ घालते, इंग्रजीत तिला 'पॅप' म्हणतात. नेहमीच्या लेंड्यांपेक्षा ती वेगळी असते आणि मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीतून येते. त्यातून पिल्लाला पानं पचवणारे जंतू मिळतात. ज्या आईने सहा महिने दुधातून आणि पिशवीतून जंतू आवरून धरले, तीच आई आता निवडक जंतू पिल्लाच्या तोंडात देते.

आता क्लॅमिडिया झालेल्या कोआलाला प्रतिजैविक दिलं की ते आतड्यातले जंतूही मारतं. टॅनिन फोडणारा लोनेपिनेला कोआलारम हा त्यांपैकी एक. मग काही कोआला क्लॅमिडियातून बरे होतात आणि पोटभर पानं खाऊनही खंगतात. म्हणून त्यांच्या स्वतःच्याच शरीरातलं, त्यांच्या जंतूंबरोबर आधीपासून नांदत आलेलं पेप्टाइड हाती यावं, याची तिथल्या पशुवैद्यांना इतकी निकड आहे.

---

दूरदेशी

तो पॅप मी पाहिलाय. पिल्लू आईच्या पोटाखाली तोंड घालून अक्षरशः माखून घेतं, आणि आई झाडाच्या बेचक्यात शांत बसून असते. आमच्याकडे अनाथ कोआला पिल्लांसाठी दुसऱ्या निरोगी मादीच्या ताज्या विष्ठेतून तसं काहीतरी बनवून द्यायचे. तेव्हा ते फक्त पचनासाठी आहे एवढंच मला माहीत होतं.

@गोधन, एक विचारायचं राहिलं. पिंकीला जर दुसऱ्या जिवंत मादीच्या सडाला लावता आलं, तुम्ही सांगितलेल्या प्रयोगासारखं, तर ते वाचण्याची शक्यता वाढते का?

---

गोधन

प्रयोगशाळेतल्या कळपात हे जमतं, कारण तिथे कोणत्या मादीचं दूध कितव्या दिवसाचं आहे ते नोंदवलेलं असतं. टप्पा जवळपासचा हवा आणि सडाची जाडी पिल्लाच्या तोंडात मावेल अशी हवी. मोठ्या पिल्लाने ओढलेला सड लांब आणि जाड झालेला असतो, पिंकीच्या तोंडात तो जातच नाही. रस्त्यावर सापडलेल्या पिल्लासाठी त्या क्षणी तशी मादी मिळणं जवळजवळ अशक्य. पण जिथे दुर्मीळ जातींची बंदिस्त पैदास करतात तिथे दुसऱ्या जातीच्या मादीच्या पिशवीत पिल्लं वाढवली गेली आहेत. दक्षिण ऑस्ट्रेलियात घासशेपटी खडक-वॉलबीची पिल्लं पिवळ्या पायांच्या खडक-वॉलबीच्या पिशवीत वाढवली आहेत. पहिलं पिल्लू काढून घेतलं की त्याची आई लवकरच दुसऱ्याला जन्म देते, म्हणून एकाच हंगामात संख्या वाढते. त्या पिल्लांना दूध परक्या जातीचं मिळतं, पेप्टाइडंही परक्या जातीची, आणि ती जगतात.

---

ऋतुपर्ण

@गोधन, परक्या जातीच्या पेप्टाइडांवर पिल्लं जगतात, या शेवटच्या वाक्यावर वेगळा धागा काढा. मी वाट बघतोय.